चॅपलमधला अर्धा तास

प्रिय ऋचा,

आशीर्वाद आहेतच, ते कुठे जात नाहीत. आधी मला भांडायचंय. तू धायरीला चैतालीकडे जाऊन राहिलीस त्याला आज एकवीस दिवस झाले. एकवीस दिवसांत तू मला चार मेसेज पाठवलेस. त्यांतले तीन ‘ठीक आहे’ आणि चौथा नुसता अंगठा. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या बाईला तिची पोटची मुलगी अंगठा पाठवते! फोन केला तर तुझी मामेबहीण उचलते आणि ‘ताई आंघोळीला गेलीय’ म्हणते. सकाळी नऊला आंघोळ, दुपारी दोनला आंघोळ, संध्याकाळी सातलाही आंघोळच. धायरीत एवढं पाणी कधीपासून यायला लागलं? म्हणून शेवटी कागद घेतला. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू पहिली ओळ वाचून बाजूला सारलं असतंस. तशी मी तुला ओळखते, किंवा ओळखते असं आत्ता आत्तापर्यंत धरून चालले होते.

तू का गेलीस ते मला माहीत नाही असं समजू नकोस. चैताली आंघोळीचं खोटं बोलते, पण बाकीचं सगळं सांगते. तुझ्या त्या मिशनच्या विद्यापीठात कुणीतरी निनावी अर्ज केला, की ऋचा निजसुरे ही मुलगी घरच्यांच्या संमतीवाचून इथे शिकते, रोज संध्याकाळी चॅपलमध्ये अर्धा अर्धा तास बसते, तिच्या मनावर परिणाम करून तिला धर्मांतराकडे ओढलं जातंय, तरी चौकशी व्हावी, अन्यथा प्रकरण वर्तमानपत्रात जाईल. फादरनी तुला बोलावून मजकूर वाचून दाखवला आणि चौकशी होईपर्यंत घरी थांब म्हणाले. प्रबंधाची तोंडी परीक्षा महिन्यावर आलेली आणि तू घरी! चॅपलमध्ये बसतेस हे तू फक्त सबाला सांगितलं होतंस, म्हणजे अर्ज सबानंच केला, असा हिशेब तू मांडलास. साडेचार वर्षं खराडीच्या ऑफिसात शेजारी बसलेली, तीन वर्षं एका फ्लॅटमध्ये तुझ्याबरोबर राहिलेली मुलगी. तिला नको ते बोललीस आणि बॅग भरून निघालीस. तिचं म्हणणं ऐकायला पाच मिनिटं थांबली नाहीस. माझीच मुलगी आहेस, यात शंका घ्यायला जागा नाही.

आता माझा जुना राग, तो तुला पाठ आहे, पण पुन्हा ऐक. बाबा गेले आणि चार महिन्यांत तू नोकरी सोडलीस. माणसं नोकरी सोडून दुसरी नोकरी धरतात, परदेशी जातात, लग्न करतात. तू तत्त्वज्ञान शिकायला गेलीस, तेही पाद्र्यांकडे! पुण्यात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांची काय टंचाई पडली होती? आपल्या वाड्यातल्या प्रत्येक जिन्यावर एक एक बसलेला असायचा, फुकट. लोक मला विचारायचे, ऋचा सध्या काय करते, आणि मी म्हणायचे, कोर्स करतेय. कसला कोर्स विचारलं की मी गॅसवर दूध ठेवलंय म्हणून आत जायचे. दोन वर्षं आमचं दूध सारखं उतू जात होतं.

तर गेल्या सोमवारी मी तुझ्या विद्यापीठात गेले. हो, मी. तुला न सांगता. डेक्कनहून मेट्रोनं रामवाडी, तिथून रिक्षा, आणि रिक्षावाला पत्ता सांगितल्यावर म्हणतो कसा, ‘मावशी, तिकडं प्रार्थनेला का?’ मी म्हटलं, ‘नाही, भांडायला.’ का गेले, ते सांगते पुढे. फाटकावरच्या रखवालदारानं पासाचं पुस्तक पुढे केलं. मी वेळ दहा चाळीस लिहिली, मग घड्याळ बघितलं तर दहा पन्नास. खोडून दुरुस्त केलं आणि शेजारी ‘हे. नि.’ अशी छोटी सही केली. रखवालदार बघतच राहिला. म्हणाला, ‘बाई, इतकं कोण बघतंय?’ मला असल्या वाक्यांचा संताप येतो. कोण बघतंय म्हणूनच या देशातले निम्मे कागद बाद होतात.

आत जाताना माझी अशी समजूत होती की काहीतरी गूढ असणार. कुजबुज असेल, कुणी तरी गोड बोलून हातात पुस्तिका देईल, मी ती तिथल्या तिथे परत करीन. वाक्यंसुद्धा तयार होती माझी, इंग्रजीतली, आदल्या दिवशी वहीत लिहून पाठ केलेली. आणि दिसलं काय? पंचविशीतले धटिंगण श्रावणातल्या चिखलात फुटबॉल खेळतायत. त्यांतला एक झारखंडचा, गुडघ्यापर्यंत माखलेला, धावत आला आणि ‘आई, पिशवी द्या, जड आहे’ म्हणाला. मराठी शिकतोय म्हणे, कारण पुढच्या वर्षी त्याला नगरकडच्या खेड्यात जायचंय. क्रियापदं सगळी चुकत होती पण शिकायची हौस दांडगी. मी ऑफिसातल्या पंधरा कारकुनांना धड मराठी टिपणी लिहायला शिकवू शकले नाही.

तुझं ग्रंथालयही त्यानं दाखवलं. जुनी दगडी इमारत, लांबलचक व्हरांडा, आणि आत उंच कपाटांना टेकवलेल्या शिड्या. प्रत्येक पुस्तक जागच्या जागी, प्रत्येक खणाला क्रमांक, नोंदवहीत एक खाडाखोड नाही. ती शिस्त बघून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा भयंकर राग आला. मी काही पसंती द्यायला गेले नव्हते तिथे. खिडकीपाशी एक टेबल होतं, त्यावर तुझ्या नावाची चिठ्ठी आणि सात पुस्तकं तशीच ठेवलेली. कुणी उचलली नव्हती. मुलगा म्हणाला, ऋचादीदी येणार आहे ना परत, म्हणून. मी तिथून बाहेर पडले.

फादर तासावर होते, अर्धा तास लागेल असं त्या मुलानं सांगितलं. बसायला चॅपल उघडं होतं. मी म्हटलं, चला, बघू तरी माझ्या मुलीला इथे काय भूल पडली. बाकं, लाकडाचा वास, पुढे एक लहानसा लाल दिवा आणि एकही माणूस नाही. फक्त बायडाबाई म्हणून एक म्हातारी केर काढत होती. मी नुसती बसले होते, तर तीच बोलायला लागली. कुणाला भेटायचंय विचारलं, मी तुझं नाव सांगितलं. केरसुणी टेकवून बाई माझ्या शेजारच्या बाकावर बसलीच. म्हणाली, ‘त्या पोरीचं काय वो झालं? रोज येत हुती. तुमी तिच्या कोन?’ मी आई म्हटल्यावर ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते, कारण मला त्यात फेरफार करायचा हक्क नाही. ‘लई रडायची बगा. देवाकडं बगायची बी न्हाई, ह्या शेवटच्या बाकावर बसायची अन् बापाचं नाव घिऊन रडायची. म्या झाडत झाडत आले की म्हनायची, मावशी, पाच मिंटं. मंग तोंड धुऊन घरी. हितं कोन इचारत न्हाई ना, म्हनून येत्यात लेकरं.’

ऋचा, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्यावर नव्हे. बायडाबाईवर तर नाहीच. रडायला माझ्या मुलीला नगर रस्त्यापर्यंत जावं लागतं? घर आहे का ऑफिस? आणि उत्तर मला तिथंच मिळालं, त्या बाकावर. घर नव्हतंच. बाबा गेले त्या दिवशी तू हंबरडा फोडलास तेव्हा सगळ्यांदेखत ‘आता रडारड पुरे, माणसं आलीयेत’ असं कोण म्हणालं? तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे सदरे, चष्मे, चपला बांधून देऊन टाकल्या कुणी? तू त्यांचा तो निळा स्वेटर मागितलास तर ‘कशाला जपायचं, कसर लागते’ मीच म्हणाले. मला वाटायचं मी तुला सावरतेय. मी रडले तर ही कोसळेल, म्हणून मी दोन वर्षं कोरडी राहिले आणि तुलाही कोरडी ठेवली. श्यामसुंदर हे नाव मी घरात उच्चारलं नाही. चॅपलमध्ये तू ते रोज उच्चारत होतीस, आणि मी काय समजले होते!

काय समजले होते ते आता सांगायलाच हवं. दिवाळीत तू घरी आलीस तेव्हा गॅलरीत सबाशी फोनवर बोलत होतीस. मी आतल्या बाजूला वाळलेले कपडे काढत होते. तू म्हणालीस, ‘रोज संध्याकाळी चॅपलमध्ये बसते गं, तेवढाच अर्धा तास बरं वाटतं. आईला बोलू नकोस, तिला सहन होणार नाही.’ एवढं ऐकलं आणि मी कपडे घेऊन आत गेले. पुढचं ऐकायला थांबले नाही. उरलेलं माझ्या मनानं स्वतःच लिहून काढलं, आठ महिने लिहीत राहिलं. पांढरा झगा, आश्रम, नाव बदललेली मुलगी. तुला समोर बसवून विचारायला मला दोन मिनिटं लागली असती. पण विचारायचं म्हणजे तुझं उत्तर ऐकायचं. मला सवय अर्जांची.

फादर आले. जयसिंग त्यांचं नाव, राहणारे श्रीरामपूरकडचे, आणि बोलतात ते तुझ्यामाझ्याइतकं स्वच्छ मराठी. ‘या ताई, बसा. पाऊस लागला का वाटेत?’ माझी सगळी इंग्रजी वाक्यं वहीतच राहिली. मी म्हटलं, मुलीची आई आहे, चौकशीचं काय झालं ते बघायला आले. खोटं नव्हतं ते. केलेल्या अर्जाचा पाठपुरावा करायचा, हे माझ्या रक्तात आहे. ते म्हणाले, ‘बरं झालं आलात, आम्हीच बोलावणार होतो. तुम्ही सांगाल ते ग्राह्य धरू. यात लिहिलंय ते खरं आहे का?’ आणि त्यांनी फाइल उघडून तो अर्ज माझ्यासमोर ठेवला.

टाइप केलेला अर्ज, कोर्टाजवळच्या टायपिंगच्या दुकानातून. विषय, संदर्भ, परिच्छेदांना क्रमांक, खाली ‘प्रत माहितीसाठी’. नाव नाही, पत्ता नाही. फक्त दुसऱ्या परिच्छेदात तारीख चुकली होती, ती पेनानं दुरुस्त केलेली, आणि शेजारी समासात दोन अक्षरं. ‘हे. नि.’ दुरुस्ती केली की शेजारी छोटी सही, चौतीस वर्षांत एकदाही चुकले नाही. निनावी अर्जावरही चुकले नाही! माझा हात आपोआप गेला असणार, मला आठवतसुद्धा नाही. आणि फादरच्या टेबलावर, त्या अर्जाच्या अगदी शेजारी, आल्या आल्या मीच ठेवलेला माझा फाटकावरचा पास पडलेला. दहा पन्नास. हे. नि.

होय ऋचा. तो अर्ज मी केला. सबानं नाही. मी, तुझ्या आईनं.

फादरनी पास बघितला, अर्ज बघितला. एकदा माझ्याकडे बघितलं. मग फाइल मिटली आणि विचारलं, ‘चहा घेणार ना ताई?’ माणूस ओरडला असता तर मी पुरून उरले असते. पोलिसांचं नाव काढलं असतं तर नियम दाखवले असते. यांनी चहा विचारला. मी तिथेच सांगितलं, की अर्ज माझा आहे, त्यातला धर्मांतराचा एकही शब्द खरा नाही, आणि मला कोरा कागद द्या. त्यांच्यासमोर बसून दुसरा अर्ज लिहिला, हातानं, पूर्ण नाव, पूर्ण पत्ता, पूर्ण सही. ते म्हणाले, मग पहिला फाडून टाकू. मी म्हटलं, मुळीच नाही, फाइलमधला कागद काढायचा नसतो. तो राहू दे आणि त्याच्यावर हा लावा, म्हणजे उद्या कुणी उघडलं तर दोन्ही दिसतील. चहा प्यायले. पांचट होता, आणि साखर निम्मी. येत्या गुरुवारी अकरा वाजता तुझी तोंडी परीक्षा ठेवली आहे. कार्यालयाचं पत्र उद्यापर्यंत येईल, पण टपालाचा मला भरवसा नाही म्हणून मी कळवते.

आता तुझ्यावरचा राग, तो अजून शिल्लक आहे. तू सबाला जे बोललीस ते मला चैतालीनं सांगितलं. ‘आमच्या देवाधर्मात तू नाक खुपसू नकोस.’ हे वाक्य तू कुठे शिकलीस? विद्यापीठात नक्कीच नाही. ती मुलगी रमजानात स्वतः दिवसभर उपाशी राहून तुझ्या बाबांच्या आजारपणात रोज डबा पोचवत होती, पार ससूनपलीकडे, जहांगीर हॉस्पिटलात, आणि बाबा तिला ‘आज मीठ कमी’ म्हणून चिडवायचे. तिला तू ‘आमच्या’ आणि ‘तू’ करून दाखवलंस. मला आधी तुझी लाज वाटली, आणि मग लक्षात आलं की मी अर्जात जे टाइप करून घेतलं त्याचंच हे बोलीतलं रूप आहे. तुझ्या तोंडून माझाच आवाज निघाला. तेव्हा तुला काय बोलणार?

म्हणून बुधवारी मी खराडीला गेले, तुमच्या फ्लॅटवर. सबानं दार उघडलं, ‘आंटी, तुम्ही? या ना’ म्हणाली, पाणी दिलं. तुझी कुंडीतली तुळस तिनं जगवलीये, तेवढं सांगते. मी बसले नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, तुला आत्ता लिहिलं तेवढं, अर्जापासून चॅपलपर्यंत. तिला धक्का बसेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, ‘मला अंदाज होता, आंटी. चॅपलचं ऋचा मला तुमच्या घरूनच फोनवर बोलली होती, तुम्ही ऐकलं असणार.’ म्हणजे तिला माहीत होतं! तू तिच्या तोंडावर आरोप करत होतीस तेव्हा तिला उत्तर माहीत होतं आणि ती गप्प उभी राहिली. मी तिच्यावरच भडकले. म्हटलं, मूर्ख मुली, बोलली का नाहीस? एका वाक्यात सुटली असतीस. तर खाली मान घालून म्हणाली, ‘तिचे बाबा गेलेत. आई पण मीच काढून घेऊ का तिच्याकडून?’

मग मी रडले. दोन वर्षांत पहिल्यांदा, परक्याच्या घरात, दारात उभी राहून, मोठ्यानं. परक्याच्या असं लिहिलंय ते खोडत नाही, पण ते चूक आहे. तिनं मला बसवलं आणि काही विचारलं नाही. श्यामसुंदर, श्यामसुंदर असं मी किती वेळा म्हणाले कोण जाणे.

माफी मी तुझ्याकडे मागते, पण ती तू आज देऊ नकोस. माझ्यावर हवं तेवढं रागाव, महिनाभर अंगठे पाठव, मला चालेल. गुरुवारी मी परीक्षेला येणार नाही, बोलावलंस तरच येईन. पण दुसरी एक गोष्ट थांबण्यासारखी नाही, आणि हे पत्र तिच्याचसाठी लिहिलंय. पाकिटावर तिकीट नाही हे तू बघितलंच असशील. ते मी टपालात टाकलं नाही आणि चिकटवलंही नाही. ज्या मुलीनं ते आत्ता तुझ्या हातात दिलं, तिनं ते माझ्यासमोर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलंय. आत ये म्हटल्याशिवाय ती येणार नाही, तेवढा स्वाभिमान तिला आहे. तू वाचत बसलीस तेवढा वेळ ती दारातच उभी असेल. आधी तिला आत घे.

तुझीच,
आई